मंडळीचे बिऱ्हाड आणि बडोदे शहर

१९१९ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या २० तारखेस बडोदे शहरात एका नव्या मराठी नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचे नाव ‘एकच प्याला’. नाटक मंडळी गंधर्वांची. ज्याने ते लिहिले तो नाटककार त्या रात्री प्रेक्षकांत नव्हता, रंगपटातही नव्हता. बरोबर अठ्ठावीस दिवसांपूर्वी, २३ जानेवारीस, नागपूरजवळच्या सावनेर येथे राम गणेश गडकरी यांचे देहावसान झाले होते. त्यांच्या वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

या रात्रीची आठवण मराठी नाट्येतिहासात वारंवार निघते. पण ती निघते तेव्हा बहुधा गडकऱ्यांची प्रतिभा आणि बालगंधर्वांची सिंधू या दोन गोष्टींपाशीच बोलणे थांबते. हा प्रयोग बडोद्यास झाला, ही गोष्ट केवळ मुक्कामाचे ठिकाण म्हणून सांगितली जाते. जणू तो नाशकास झाला असता काय आणि सोलापुरास झाला असता काय, सारखेच! मला येथे त्या गावाविषयी थोडे बोलावयाचे आहे. नाटक मंडळी ही फिरती संस्था खरी. पण तिचा प्राण ज्या हवेवर पोसला जातो ती हवा कोठल्या तरी गावाची असते, आणि पुण्या-मुंबईखालोखाल मराठी संगीत रंगभूमीला अशी हवा ज्या थोड्या गावांनी दिली त्यांत बडोद्याचे स्थान फार वरचे आहे.

प्रथम एक योगायोग पाहण्यासारखा आहे. गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली नवसारीस झाला. नवसारी म्हणजे बडोदे राज्याचाच मुलूख. ज्या राज्याच्या भूमीवर नाटककार जन्मला, त्याच राज्याच्या राजधानीत त्याच्या मृत्यूनंतर त्याची सर्वांत गाजलेली कृती प्रथम रंगभूमीवर आली. याला कोणी दैवयोग म्हणावे. परंतु बडोद्याच्या बाबतीत असे योग इतके येतात की त्यांना केवळ योग म्हणून सोडून देता येत नाही.

काही दशके मागे जाऊ. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० च्या ३१ ऑक्टोबरला पुण्यात ‘शाकुंतल’ केले आणि संगीत नाटकाचा पाया घातला. पाया तर पडला. पण शकुंतला शोभेल असा गळा आणि असे रूप एकाच देहात मिळणे सोपे नव्हते. तो तरुण त्यांना १८८२ साली बडोद्यात सापडला. भाऊराव बापूजी कोल्हटकर हा बडोद्यातच जन्मलेला, एकोणीस वर्षांचा, गावातच लहानशी नोकरी करणारा मुलगा. सयाजीराव महाराज आणि हा मुलगा दोघेही १८६३ सालचे. एकाच्या हाती नुकतेच राज्याचे पूर्ण अधिकार आले होते. दुसऱ्याच्या गळ्यात काय आहे हे अजून गावाबाहेर फारसे ठाऊक नव्हते. अण्णासाहेबांनी त्याला मंडळीत घेतले. त्याच वर्षीच्या १८ नोव्हेंबरला ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, आणि भाऊराव सुभद्रा झाले. पुढे सुमारे वीस वर्षे, १९०१ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, ‘भावड्या’ हे नाव महाराष्ट्रात घरोघरी होते.

म्हणजे संगीत रंगभूमीला पहिली मोठी नायिका बडोद्याने दिली. देताना बडोद्याने ती गमावलीही. नाटक मंडळी गावात आली म्हणजे चार रात्री आनंदाच्या जातात, आणि ती निघून जाते तेव्हा कधी कधी गावातला एक गळा बरोबर घेऊन जाते. गाव आणि मंडळी यांच्यातील हा देवघेवीचा हिशेब समजला नाही, तर आपल्या रंगभूमीचा इतिहास नुसती नटांची यादी होऊन बसतो.

दुसरे उदाहरण भास्करबुवा बखले यांचे. बुवांचा जन्म १८६९ साली कठोर या गावी झाला. सुरतेजवळचे हे गाव तेव्हा बडोदे राज्यातच होते. शिकण्यासाठी हा गरीब घरचा मुलगा बडोद्यास आला आणि विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांकडे त्याच्या गाण्याचा आरंभ झाला. पुढे किर्लोस्कर मंडळीने त्याला उचलले. ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्याची कैकेयी गाजली. परंतु वय वाढले, आवाज फुटला, आणि बालनटाला मंडळीत जे भोगावे लागते ते त्यालाही भोगावे लागले. कालपर्यंत ज्याच्या पदाला टाळ्या पडत होत्या तो आज पंगतीत नकोसा झाला. अशा वेळी या मुलाने काय करावे? तो बडोद्यास परतला आणि दरबारी गायक फैझ महंमदखाँ यांच्यापाशी गाणे शिकू लागला.

ही घटना लहान दिसते. पण मराठी नाट्यसंगीताचे पुढचे सारे वैभव तिच्यातून निघाले आहे. बडोद्यास खाँसाहेब नसते, तर फुटलेल्या आवाजाच्या त्या मुलाचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. खाँसाहेबांनंतर बुवांनी आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि मग अल्लादियाखाँ यांच्याकडूनही विद्या घेतली, आणि स्वतः थोर गायक झाल्यावर ती रंगभूमीला परत दिली. १९१६ च्या डिसेंबरात मुंबईस आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली बुवांच्या. बालगंधर्व त्यांना गुरू मानीत. ज्या रंगभूमीने पोर असताना टाकले, तिलाच त्या पोराने प्रौढपणी श्रीमंत केले. आणि या दोन गोष्टींच्या मधली कठीण वर्षे बडोद्याने निभावून नेली.

आता हे बडोदे कसे होते ते पाहिले पाहिजे. राजेरजवाड्यांच्या गावी गवई, नर्तकी, कलावंत असतातच. बडोद्याचे वेगळेपण असे की तेथे या सर्व मंडळींचे एक रीतसर खाते होते. त्याला कलावंत कारखाना म्हणत. गायक, वादक, नर्तकी यांची नेमणूक, पगार, रजा, चाकरीच्या वेळा या सर्वांना लेखी नियम होते. १८८० साली महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला, तेव्हा तंजावरचा नर्तकी व नट्टुवनार यांचा संच बडोद्यास आला आणि याच खात्यात सामील झाला. कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी रुजले. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली सरकारी गायनशाळा निघाली. तेथे सर्वसामान्य घरातील मुलांनाही स्वरलिपीच्या साह्याने संगीत शिकता येऊ लागले. याच मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ बडोद्यात जन्मले आणि पुढे सूफी विचार व हिंदी संगीत घेऊन युरोप-अमेरिकेपर्यंत पोहोचले. १९१२ च्या सुमारास आग्रा घराण्याचे फैयाजखाँ दरबारी रुजू झाले, ते १९५० साली बडोद्यातच निवर्तले. १९१६ साली भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यासच.

याला जोड दिली पाहिजे ती शिक्षणाची. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ पासून सर्व राज्यात लागू झाले. १९१० नंतर वाचनालयांचे जाळे गावोगाव पसरले. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले. पुढे १९२१ आणि १९३४ सालीही भरले. म्हणजे राजवाड्यात गाणे, शाळेत गाणे, वाचनालयात पुस्तक आणि गावात मराठी बोलणारा, वाचणारा, कचेरीत काम करणारा मध्यम वर्ग, अशी ही बैठक होती. नाटक मंडळीला प्रेक्षक हवा असतो तो नुसता पैसेवाला नव्हे, नुसता दर्दीही नव्हे. पद चांगले झाले तर ‘वन्स मोअर’ म्हणणारा आणि संवाद फसला तर कुजबुजणारा असा मिश्र प्रेक्षक तिला हवा असतो. तो बडोद्यास होता.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ च्या जुलैत निघाली. किर्लोस्कर मंडळीतून नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत नवा संसार मांडला. या मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला, आणि मंडळीही तो आपल्या नावाबरोबर अभिमानाने मिरवीत असे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. राजाश्रय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोहरांची थैली येते. वस्तुतः दरबारचा कलावंत आणि नाटक मंडळीचा नट यांच्या जगण्यात फार अंतर होते. कलावंत कारखान्यातील गवयाचा पगार ठरलेला असे. मैफल रंगो वा न रंगो, महिना भरला की तनखा मिळे; बदल्यात तो सरकारचा चाकर असे. नाटक मंडळीचे तसे नव्हते. तिचे बिऱ्हाड म्हणजे एक फिरते गावच. मालक, नट, पेटीवाला, तबलजी, सारंगिये, पडदे रंगविणारा, कपडेपट सांभाळणारा, आचारी, गडी, शिवाय तालमीतली मुले. या सर्वांच्या दोन वेळच्या पंगती उठावयाच्या त्या रात्रीच्या तिकीटविक्रीवर. पाऊस आला, साथ आली, नायकाचा घसा बसला, की पंगतीवर पाणी पडे. आश्रयाने प्रतिष्ठा येई, मुक्कामाची सोय होई, अडचणीला हात मिळे. पण रोजची भाकरी पिटातला प्रेक्षकच देत असे.

म्हणून बडोद्यात दोन प्रकारचे कलावंत शेजारी शेजारी नांदत होते. एक राजाचा, दुसरा लोकांचा. पहिल्याची विद्या खोल होती. दुसऱ्याचे श्रोते पुष्कळ होते. मराठी नाट्यसंगीत म्हणजे या दोघांची सोयरीक होय. फैझ महंमदखाँकडची तालीम भास्करबुवांच्या कंठातून बालगंधर्वांच्या पदात उतरली आणि चार आण्याच्या तिकिटावर बसलेल्या माणसाच्या ओठी गेली. राजवाड्याच्या भिंतीआडची वस्तू बाजारपेठेत आली, आणि तरीही तिचे मोल उतरले नाही. असा चमत्कार कोणत्याही एका माणसाच्या हातून होत नसतो; त्याला गाव लागते.

आता पुन्हा २० फेब्रुवारीच्या रात्रीकडे वळू. गंधर्व मंडळीचा लौकिक तोपर्यंत वैभवाचा झाला होता. भरजरी शालू, अत्तराचा दरवळ, रुक्मिणीचा थाट. प्रेक्षक ते पाहावयास येत. ‘एकच प्याला’त यांतले काय होते? एका बुद्धिमान वकिलाची दारूपायी झालेली राखरांगोळी. सुधाकर एका अपमानाच्या क्षणी पहिला प्याला ओठाला लावतो, तळीराम आणि त्याचे आर्य मदिरामंडळ त्याला हसत हसत खोल नेतात, आणि शेवटी त्याच्याच हातून मूल जाते, पत्नी जाते, आणि तोही विषाचा प्याला घेतो. नायिका जात्यावर दळण दळते. तिच्या अंगावर ठिगळाचे लुगडे. महाराष्ट्राने ज्याला सौंदर्याचा पुतळा मानले त्या नटाने फाटक्या वस्त्रात उभे राहावयाचे होते.

मंडळीच्या दृष्टीने हा केवढा मोठा जुगार होता! नाटककार हयात असता तर तालमीत काही खटकले तर त्याला विचारता आले असते. एखादे वाक्य बदलून मागता आले असते. तो मार्ग बंद झाला होता. गडकऱ्यांनी या नाटकातील पदेही स्वतः लिहिली नव्हती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. चालींसाठी सुंदराबाईंच्या गाण्याचा आधार घेतला गेला. गद्य एकाचे, पद्य दुसऱ्याचे, सूर तिसऱ्याचे, आणि हे सर्व एकत्र बांधणारा हात चितेवर गेलेला. त्यात आदल्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर घराघरांत माणसे गेली होती. अशा दिवसांत लोक करमणूक शोधतात, शोक नव्हे, असे व्यवहारी माणूस म्हणेल.

प्रयोग झाला. गणपतराव बोडस सुधाकर झाले होते, बालगंधर्व सिंधू. नाटक उभे राहिले. नुसते उभे राहिले नाही, तर शंभर वर्षांनंतरही ते वाचले जाते, खेळले जाते. शालूतल्या रुक्मिणीइतकीच ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू मराठी मनात जाऊन बसली. वैभवावाचून आपण निःशोभित होत नाही, हे गंधर्व मंडळीला ज्या प्रेक्षकांसमोर प्रथम कळले ते प्रेक्षक बडोद्याचे होते. मला वाटते, एखाद्या गावाने एखाद्या नाटक मंडळीला द्यावयाची सर्वांत मोठी देणगी हीच. पैसा दुसरीकडेही मिळतो. नवे आणि अवघड असे काही प्रथम करून पाहण्याचा धीर मात्र समजूतदार प्रेक्षकांच्या गावीच मिळतो.

परंतु इतिहास सांगताना गोड तेवढेच सांगून थांबणे बरे नव्हे. राजाश्रय होता, कीर्ती होती, ‘एकच प्याला’सारखे नाटक हाती होते, तरीही मंडळी कर्जातून सुटली नाही. टेंबे आधीच बाहेर पडले होते, बोडसही पुढे निघाले. १९२१ साली मंडळी एकट्या बालगंधर्वांच्या अंगावर आली ती कर्जाच्या ओझ्यासह. त्याच वर्षीच्या ८ जुलैस मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शाबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झाले. त्या रात्रीचे उत्पन्न देशासाठी होते. कर्ज बालगंधर्वांनी जिद्दीने फेडले. पण कपडेपट, पडदे, साथीदार यांत हात आखडता घेणे त्यांना कधी जमले नाही. अहमदजान थिरकवाँ तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर, असा साथीचा थाट ज्या मंडळीत होता तिचा खर्च सामान्य असणार कसा? १९३१ साली बोलपट आला. नट एकदाच बोलला की तो शंभर गावी बोलू लागला; त्याला बिऱ्हाड नको, पंगत नको. १९३४ च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळी बंद झाली, आणि दुसऱ्याच वर्षी बालगंधर्व ‘धर्मात्मा’ बोलपटात दिसले.

मंडळी बुडाली म्हणून राजाश्रय व्यर्थ ठरला काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. आश्रयाने संस्था अमर होत नसते. पण ती जिवंत असेतो तिच्याकडून जे मोठे काम होते त्याला आश्रय उपयोगी पडतो. दुसरे असे की, बडोद्याने आपला सगळा डाव एका मंडळीवर लावला नव्हता. ज्या काळात गंधर्व मंडळी कर्जाशी झगडत होती, त्याच काळात, १९२६ साली, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड अभिनवगुप्ताच्या टीकेसह प्रसिद्ध झाला. रामकृष्ण कवी यांनी संपादिलेले ते काम इतके दीर्घ की त्याचा चौथा खंड निघण्यास १९६४ साल उजाडले. एकीकडे नाटक करणाऱ्यांना थारा, दुसरीकडे नाटकाच्या शास्त्राचा उद्धार! एका राज्याच्या तिजोरीतून या दोन्ही गोष्टी निघाव्यात, यातच त्या राज्याची दृष्टी दिसते.

आणि ती दृष्टी राज्य संपल्यावरही टिकली. सयाजीराव १९३९ साली गेले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले, आणि जुन्या गायनशाळेचे रूपांतर विद्यापीठाच्या संगीत, नृत्य व नाट्य महाविद्यालयात झाले. नाट्य हा विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळविता येते, ही कल्पना आपल्या देशात नवी असतानाच बडोद्याने ती अमलात आणली. तंजावरहून आलेल्या परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांनी तेथे पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांना भरतनाट्य शिकविले. कलावंत कारखान्यातील चाकर अशा रीतीने विद्यापीठातील आचार्य झाला.

१९६० साली भाषावार प्रांतरचनेत बडोदे गुजरातेत राहिले, आणि ते योग्यच झाले. ते गुजराती माणसांचेही गाव पूर्वीपासून होते. तरी दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी घरे राहिली, मराठी वाङ्मय परिषद राहिली, आणि २०१८ साली एक्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन पुन्हा त्याच गावी भरले. राजाचे छत्र नाही, मंडळीचे बिऱ्हाड नाही. आता जी हौशी मंडळी नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला जमतात त्यांचाच आधार नाटकाला आहे. महिन्याचा पगार दुसरीकडून, आणि रात्रीचा जीव नाटकात, अशी त्यांची स्थिती. कलावंत कारखान्यातील चाकराची निश्चिंती आणि मंडळीतील नटाची अनिश्चिती या दोन जुन्या गोष्टी आता एकाच माणसाच्या दिवसात येऊन बसल्या आहेत, इतकेच.

आपण नटांची स्मारके उभारतो, नाटककारांच्या जयंत्या करतो. ते करावेच. पण ज्या गावाने एकोणीस वर्षांचा भाऊराव दिला, आवाज फुटलेल्या भास्करबुवांना पुन्हा सूर दिला, आणि गडकऱ्यांच्या पश्चात त्यांच्या सिंधूला पहिला अश्रू दिला, त्या गावाचे ऋण आपण क्वचितच बोलून दाखवितो. पुढे कधी ‘एकच प्याला’चा प्रयोग पाहण्याचा योग आला, तर पडदा वर जाण्यापूर्वी क्षणभर बडोद्याची आठवण करावी, एवढीच विनंती.